चेतापेशीची जन्मतारीख
(उदगीर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या मुलांना आयुष्यभर विज्ञान शिकवलं. तेव्हा संयोजकांनी विषयाची मोकळीक दिली तरी मी विज्ञानाच्या बाहेर गेलो नाही. आपल्या मेंदूतल्या चेतापेशी जन्मतात कशा आणि कधी, हे आज सांगणार आहे. हा विषय उदगीरला मांडायचं आणखी एक कारण आहे. इथं १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याचे बरेच विद्यार्थी मला समोर दिसताहेत. उंदीर, मेंढी, देवणी गाय आणि माणूस, या सगळ्या सस्तन प्राण्यांचा मेंदू घडण्याची रीत जवळजवळ एकच आहे. फरक पडतो तो वेळापत्रकात. देवणीचं वासरू जन्मल्यावर तासाभरात उभं राहून आचळ शोधतं, आपलं मूल वर्षभरानं पाऊल टाकतं. त्या वेळापत्रकाबद्दलच मला बोलायचं आहे.

आधी आकडे सांगतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्या मोजल्या. त्याआधी सगळी पुस्तकं दहा हजार कोटींचा गोल आकडा देत असत. यातल्या सुमारे ६,९०० कोटी मागच्या बाजूच्या लहान मेंदूत असतात. ज्या सुरकुतलेल्या थराच्या बळावर आपण बोलतो, आठवतो आणि ठरवतो, त्या कॉर्टेक्समध्ये जेमतेम १,६०० कोटी. आणि या १,६०० कोटी पेशी जन्मानंतर नव्यानं तयार होत नाहीत. त्वचा बदलते, रक्त बदलतं, आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं येतं. कॉर्टेक्समधली चेतापेशी मात्र आयुष्यभर तीच राहते.

हे सिद्ध झालं ते अणुबॉम्बमुळे. १९६३ चा चाचणीबंदी करार होईपर्यंत महासत्ता हवेत अणुचाचण्या करत होत्या, त्यामुळे वातावरणातला कार्बन-१४ एकदम वाढला आणि करारानंतर हळूहळू उतरत गेला. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीच्या हवेतला कार्बन बसतो आणि पुढे हलत नाही. स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटानं मृत व्यक्तींच्या कॉर्टेक्समधल्या चेतापेशींचा कार्बन मोजला. २००६ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला : या पेशींचं वय आणि माणसाचं वय एकच. सत्तर वर्षांचे आजोबा नातवाला ज्या पेशींनी ओळखतात, त्या पेशीही सत्तर वर्षांच्याच असतात. हिप्पोकॅम्पस नावाच्या स्मरणाशी निगडित भागात मोठेपणीही थोड्या नव्या पेशी होतात की नाही, यावर अजून वाद चालू आहे. कॉर्टेक्सबद्दल तो वाद नाही.

म्हणजे ही सगळी निर्मिती गर्भातच उरकायची असते. ती कशी होते ते पाहू.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींचा एक चपटा पट्टा जाड होतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात, जुळतात आणि नळी तयार होते. हीच चेतानलिका. माणसात ती २८ व्या दिवसापर्यंत पूर्ण मिटते. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. नळीच्या भिंतीत सुरुवातीला एकाच जातीच्या पेशी असतात आणि त्या दुभंगत राहतात : एकीच्या दोन, दोनाच्या चार. या काळात फक्त भांडवल वाढतं, चेतापेशी जवळजवळ तयारच होत नाहीत.

या भिंतीत नेमकं काय चालतं हे कळायला बराच काळ गेला. स्विस शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांना १८८९ च्या सुमारास नळीच्या आतल्या पृष्ठभागाशी, म्हणजे पोकळीला लागून, गोल गोल पेशी दिसल्या. बाकीच्या पेशी लांबट होत्या. हिस म्हणाले, या दोन वेगळ्या जाती आहेत. जवळजवळ पन्नास वर्षं हेच खरं मानलं गेलं. मग १९३५ मध्ये एफ. सी. सॉअर यांनी डुकराच्या आणि कोंबडीच्या गर्भातली नळी पातळ कापांमध्ये बारकाईनं पाहिली. त्यांच्या ध्यानात आलं की पेशी एकाच जातीच्या आहेत, हलतं आहे ते त्यांचं केंद्रक. लांबट पेशी भिंतीच्या आतल्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत ताणलेली असते. डीएनएची नक्कल करायची वेळ आली की केंद्रक बाहेरच्या बाजूला सरकतं, आणि नक्कल पुरी झाली की पुन्हा आत, पोकळीच्या काठाशी येतं. तिथं पेशी गोल होते, दुभंगते आणि पुन्हा ताणली जाते. हिसना दिसलेल्या गोल पेशी म्हणजे विभाजनाच्या क्षणी टिपलेल्या त्याच लांबट पेशी. सॉअर यांच्यासमोर होते ते निर्जीव, रंगवलेले काप. हालचाल त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. शेजारशेजारच्या शेकडो पेशींच्या स्थिती पाहून त्यांनी ती ताडली. आज जिवंत कापांवर कॅमेरा लावून आपण तीच हालचाल पाहतो आणि ती तंतोतंत तशीच असते. नीटच्या अभ्यासाला बसलेल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतोय. तुमच्या पुस्तकात जे एका ओळीत येतं, ते कोणीतरी असं महिनोन्महिने पाहून काढलेलं असतं.

पुढच्या टप्प्यात या पेशींचं वागणं बदलतं. विभाजन झालं की एक कन्यापेशी आईसारखीच राहते आणि दुसरी चेतापेशी होते, किंवा चेतापेशी देणारी मधली पेशी होते. आता या मूळपेशींना रेडियल ग्लिया म्हणतात. त्यांचं अंग पोकळीपाशी असतं आणि एक लांब तंतू मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत गेलेला असतो. हार्वर्डमधल्या पास्को राकिच यांनी १९७० च्या दशकात माकडाच्या गर्भात दाखवलं की नव्या चेतापेशी याच तंतूला धरून वर चढतात. तेव्हा समज असा होता की हे तंतू म्हणजे केवळ आधार. २००० आणि २००१ मध्ये जर्मनीतल्या मागदालेना गोट्झ आणि अमेरिकेतल्या आर्नोल्ड क्रिगस्टाइन यांच्या गटांनी दाखवून दिलं की जिच्या तंतूवरून चेतापेशी चढते, तीच तिला जन्म देणारी आहे. मला या साऱ्या कहाणीत हा शोध सर्वांत सुंदर वाटतो.

आता जन्मतारखेकडे येतो. १९६१ मध्ये अँजेवाइन आणि सिडमन या दोघांनी हा प्रयोग केला. गाभण उंदरिणीला विशिष्ट दिवशी एकदाच किरणोत्सारी थायमिडीन, म्हणजे डीएनएचा एक घटक, टोचलं. त्या क्षणी ज्या पेशी डीएनएची नक्कल करत होत्या त्यांनी ते उचललं. ज्या पुढेही दुभंगत राहिल्या त्यांच्यातलं थायमिडीन वाटलं जाऊन विरलं. ज्यांचं ते शेवटचं विभाजन होतं, त्यांच्यात ते कायमचं राहिलं. पिल्लं जन्मून मोठी झाल्यावर त्यांच्या मेंदूच्या कापांवर फोटोचं रसायन पसरलं, की त्या दिवशी जन्मलेल्या पेशींवर काळे कण उमटत. अकराव्या दिवशी टोचलं तर काळे कण कॉर्टेक्सच्या खालच्या थरांत. सतराव्या दिवशी टोचलं तर वरच्या थरात. मधल्या दिवसांचे कण मधल्या थरांत. म्हणजे आधी जन्मलेल्या पेशी खाली बसतात आणि नंतरच्या पेशी त्यांच्यामधून वाट काढत वर जातात. इमारत उभारताना गवंडी खालच्या पुऱ्या झालेल्या मजल्यांतून चढत वरच्या मजल्यावर जातात, तसं. कॉर्टेक्सच्या सहा थरांपैकी सर्वांत वरचा सोडून बाकीचे पाच असेच चढतात. खालच्या थरांतल्या पेशी कण्याकडे आणि मेंदूच्या खोल भागांकडे तंतू पाठवतात. वरच्या थरांतल्या पेशी मेंदूच्या एका भागाला दुसऱ्या भागाशी जोडतात. पेशी कोणत्या दिवशी जन्मली यावरून ती कुठं बसणार आणि आयुष्यभर काय करणार, हे बहुतांशी ठरतं.

हे दैव केव्हा पक्कं होतं? १९९१ मध्ये सुझन मॅकॉनेल यांनी फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यावर प्रयोग केले. लहान गर्भाच्या मूळपेशी काढून वयानं मोठ्या मेंदूत लावल्या. शेवटच्या विभाजनाआधी, डीएनएची नक्कल चालू असताना हलवल्या, तर त्यांच्यापासून झालेल्या पेशी नव्या घरच्या रीतीनं वरच्या थरात जात. नक्कल पुरी झाल्यावर हलवल्या, तर त्या जुन्या घरचंच ऐकत आणि खालच्या थरात बसत. काही तासांच्या फरकानं पेशीचं आयुष्य बदललं.

असाच एक दरवाजा उघडा असतो आणि मग बंद होतो, हे मुंबईतल्या एका प्रयोगशाळेनं दाखवलं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा तोळे १९९९ पासून काम करतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकून त्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेल्या, मग शिकागोला एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्याकडे काम केलं आणि परत आल्या. शिकागोत असताना त्या दोघींच्या गटानं कॉर्टेक्सच्या काठावरची पेशींची एक बारीक पट्टी ओळखली. तिला हेम म्हणतात. ही पट्टी आजूबाजूला रासायनिक संदेश सोडते आणि तिच्या शेजारच्या पेशींपासून हिप्पोकॅम्पस घडतो. मुंबईत आल्यावर प्रश्न होता तो असा : कॉर्टेक्सच्या बाकीच्या पेशी हेम का होत नाहीत?

उत्तर मिळालं एलएचएक्स-२ या जनुकात. २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांच्या गटाचा लेख आला. त्यांनी असे उंदराचे गर्भ घेतले की ज्यांच्या कॉर्टेक्समध्ये बऱ्याच पेशी नेहमीच्या होत्या आणि काही पेशींत हे जनुक नव्हतं. जनुक नसलेल्या पेशी एकत्र गोळा झाल्या आणि हेम बनल्या, काठ सोडून भर कॉर्टेक्समध्ये. एवढ्यावर थांबलं नाही. अशा प्रत्येक नव्या हेमच्या शेजारच्या, जनुक असलेल्या साध्या पेशींनी हिप्पोकॅम्पस घडवायला घेतला. एका मेंदूत एकाहून अधिक हिप्पोकॅम्पस! म्हणजे एलएचएक्स-२ पेशीला सांगतं, तू कॉर्टेक्सच राहा. आणि हे सांगण्याची वेळ ठरलेली आहे. उंदराच्या गर्भात साधारण साडेदहाव्या दिवसानंतर हेच जनुक काढून टाकलं तरी पेशी हेम होत नाही. दरवाजा बंद झालेला असतो.

२०११ मध्ये त्याच प्रयोगशाळेनं याच जनुकाचं आणखी एक काम दाखवलं. मूळपेशी आधी चेतापेशी देतात आणि मग, काम बदलून, ग्लिया जातीच्या सहायक पेशी देतात. हिप्पोकॅम्पसमध्ये चेतापेशींचा काळ चालू असताना एलएचएक्स-२ काढलं तर मूळपेशी वेळेआधीच सहायक पेशींकडे वळतात. ते जास्त दिलं तर चेतापेशींचा काळ लांबतो. मेंदूच्या घडणीवरच्या एकूण कामासाठी तोळे यांना २०१० मध्ये भटनागर पुरस्कार आणि २०१४ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पुरस्कारांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मेंदूच्या घडणीचा हा मूलभूत प्रश्न आपल्या राज्यातल्या प्रयोगशाळेत, आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या हातून सुटला.

वेळ चुकली तर काय होतं, हे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मेंढीत सगळ्यांत स्पष्ट दिसेल. ब्लू टंग, म्हणजे निळी जीभ, हा चिलटांमुळे पसरणारा विषाणुजन्य रोग तुमच्या अभ्यासक्रमात आहेच. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात गाभण मेंढ्यांना या रोगाची जिवंत लस दिली गेली आणि मंद, आंधळी, चालताही न येणारी कोकरं जन्मू लागली. पुढे नेमक्या दिवशी विषाणू देऊन प्रयोग झाले. मेंढीचं गाभणपण सुमारे १५० दिवसांचं. पन्नास ते अठ्ठावन्न दिवसांच्या गर्भाला विषाणू लागला तर मोठ्या मेंदूच्या जागी पाण्यानं भरलेली पातळ पिशवीच उरते. पंच्याहत्तरीच्या आसपास लागला तर मेंदू असतो, पण त्यात पोकळ्या असतात. शंभराव्या दिवसानंतर लागला तर थोडी सूज, बाकी कोकरू ठीक. विषाणू तोच, मेंढी तीच. पन्नासाव्या दिवशी विषाणू मूळपेशींनाच मारतो आणि मूळपेशी गेली की तिच्यापासून होणाऱ्या सगळ्या चेतापेशी गेल्या. शंभराव्या दिवशी बहुतेक पेशी जन्मून झालेल्या असतात.

माणसाबद्दल असं कुणी प्रयोग करून पाहणार नाही, पण हिरोशिमा आणि नागासाकीनं ते घडवलं. गर्भात असताना किरणोत्सर्ग झालेल्या मुलांची तिथं पुढे वर्षानुवर्षं तपासणी झाली. ओटाके आणि शुल यांनी १९८४ मध्ये मांडलं की गंभीर मतिमंदत्व सर्वाधिक आढळलं ते गर्भधारणेनंतर आठ ते पंधरा आठवड्यांच्या काळात किरणोत्सर्ग झालेल्या मुलांत. सोळा ते पंचवीस आठवड्यांत त्याहून कमी. आठच्या आधी आणि पंचवीसच्या नंतर वाढ आढळली नाही. कॉर्टेक्सच्या चेतापेशी सर्वांत वेगानं जन्मतात तो काळ हाच. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये डासांमुळे पसरणाऱ्या झिका विषाणूमुळे लहान डोक्याची मुलं जन्मली, तेव्हाही विषाणू शिरला होता तो रेडियल ग्लियात. तोच झिका २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला, महाराष्ट्रातला पहिला. डासांवरची फवारणी ही मेंदूच्या रक्षणाची गोष्ट आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

आता त्या २८ व्या दिवसाकडे येऊ. चेतानलिका मिटली नाही तर मूल दुभंगलेल्या कण्यानं जन्मतं, किंवा मेंदूच नसलेलं. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं एका मोठ्या चाचणीचा निकाल जाहीर केला. ज्यांना आधी असं मूल झालं होतं, त्या स्त्रियांना पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. यातला 'आधीपासून' हा शब्द निर्णायक आहे. २८ वा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. आपल्याकडे अनेक मुलींना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. आशाताईंकडे नाव नोंदवून लोह आणि फोलिक ॲसिडची लाल गोळी हातात येते, तेव्हा नळी मिटलेली तरी असते किंवा मिटायची राहून गेलेली तरी. लाल गोळी घ्यावीच, ती रक्तवाढीसाठी लागते. पण या एका कामासाठी तिला उशीर झालेला असतो.

शाळेतल्या मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फोलिक ॲसिड असतं. ती पंडुरोगासाठी आखलेली आहे आणि त्यासाठी योग्यच आहे. परंतु पाळी येणाऱ्या स्त्रियांना आठवड्यातून एकदाच गोळी द्यायची असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये सुचवलेलं फोलिक ॲसिड २.८ मिलिग्रॅम आहे. निळ्या गोळीतलं प्रमाण त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. ज्या मुलीचं लग्न सतराव्या वर्षी होतं, तिला गर्भधारणेआधी एखादा डॉक्टर भेटेल आणि रोजची गोळी लिहून देईल, ही अपेक्षा मला पटत नाही. गोळीतलं प्रमाण वाढवणं त्याहून सोपं आहे.

फोलिक ॲसिड एकटं पुरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास चालवला. त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश बायकांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसतं. दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच ते मिळतं. फोलिक ॲसिड आणि ब-१२ मिळून डीएनएच्या घडणीला लागतात, आणि डीएनएच्या नकलेवरच मघाशी सांगितलेली सगळी विभाजनं चालतात. आपल्या घरांत दूध डेअरीला जातं आणि सुनेच्या वाट्याला भाकरी आणि पातळ वरण येतं, हे चित्र इथं बसलेल्या कुणालाही नवं नाही.

त्या सहा गावांतली बाळं पुढे मोठी झाली. २०१२ मध्ये, ती किशोरवयात असताना, याज्ञिक यांच्या गटानं त्यांना रोज दोन मायक्रोग्रॅम ब-१२ असलेली गोळी द्यायला सुरुवात केली. काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्यं, काहींना नुसती बिनऔषधी गोळी. त्यांतल्या मुली तेव्हा गर्भवती नव्हत्या, बहुतेकींची लग्नंही झाली नव्हती. पुढे त्यांना मुलं झाली. ती मुलं दोन वर्षांच्या आसपासची झाल्यावर त्यांची समज आणि भाषा तपासली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले : केवळ ब-१२ घेतलेल्या आयांची मुलं बिनऔषधी गोळीच्या गटातल्या मुलांपेक्षा दोन्हींत पुढे होती. इतर पोषकद्रव्यंही घेतलेल्या गटात मात्र असा ठळक फरक दिसला नाही, आणि तपासलेल्या मुलांची एकूण संख्या शंभराच्या आतच होती. तेव्हा एवढ्यावरून घाईनं काही ठरवता येणार नाही. हा प्रयोग अधिक मुलींवर, वेगळ्या मातीत आणि वेगळ्या आहारात पुन्हा करावा लागेल. तो ज्वारी आणि डाळ खाणाऱ्या या मुलखात, लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या गावांमध्ये व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मुलींची नावं शाळांच्या हजेरीपटावर आहेत, रक्त तपासणारे हात जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत, आणि गर्भातल्या दिवसांचा हिशेब ठेवायची सवय उदगीरच्या पशुवैद्यकांना आधीपासूनच आहे.